बिनशंखाची राजकन्या

एका राज्यात समुद्र थेट राजवाड्याच्या पायऱ्यांशी येत असे. भरतीला खालच्या पायऱ्या बुडत, ओहोटीला उघड्या पडत. त्या राज्याचा राजा अरिंजय, त्याची राणी चारुमती, आणि त्यांची एकुलती एक कन्या कुवलया. 

राज्य लहान होते आणि उत्तरेचा राजा बलाढ्य होता. दर दोन वर्षांनी त्याचे स्वार वेस ओलांडून येत, उभी पिके जाळत, माणसे बांधून नेत. अरिंजयाचे दोन भाऊ त्या लढायांत पडले. दुसऱ्या भावाला अग्नी दिला त्या दिवशी राजा चितेपासून थेट किनाऱ्यावर गेला. एकटाच होडी घेऊन समुद्रात गेला.

सात कोसांवर एक बेट होते. तिथे कंबुजा नावाची जादूगारीण राहत असे. तिला तीन मुलगे होते. ते माणसांसारखे बोलत, माणसांसारखे हसत, पण त्यांच्या पाठीवर ढालीएवढे शंख होते आणि त्या शंखांना कोणतेही शस्त्र भेदत नसे. राजाने हे कोळ्यांकडून ऐकले होते. राजा पोहोचला तेव्हा कंबुजा घरी नव्हती. मुलांनी पाहुणा म्हणून त्याला गोडे पाणी दिले. राजा ते प्याला. मग दुपारच्या उन्हात तिघे पालथे निजले असता राजाने एकेकाच्या पाठीवरचा शंख सोलून काढला. शंखाबरोबर त्यांचे प्राणही निघाले.

राजाने त्या तीन शंखांचे कवच घडवून घेतले. एकाचे खांदे केले, एकाची पाठ, एकाची छाती. ते अंगावर चढवून तो लढाईला गेला आणि जिंकून आला. पुन्हा गेला, पुन्हा जिंकला. बाण लागे आणि गळून पडे. भाला लागे आणि वाकून जाई. चार वर्षे उत्तरेचा एकही स्वार वेशीच्या आत आला नाही. लोकांनी राजाच्या नावाने दिवे लावले. राजा कवच घालूनच जेवू लागला, कवच घालूनच झोपू लागला. हळूहळू त्याने हसणे सोडले. रागावणेही सोडले. राणीने ते पाहिले, पण राज्य सुखात होते, म्हणून ती गप्प राहिली.

चार वर्षांनी, चैत्राच्या पहिल्या दिवशी, भर दुपारी कंबुजा दरबारात आली. तिचे केस ओले होते, पाय अनवाणी होते.

ती म्हणाली, "राजा, माझ्या मुलांचे शंख मला दे. चार वर्षे मी ते शोधत होते. आता समजले, तू ते पांघरून बसला आहेस."

राजा म्हणाला, "ते आता राज्याचे आहेत."

"एक तरी दे."

"एक दिला तर कवच राहणार नाही."

कंबुजा एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "तुला एक गोष्ट ठाऊक नाही, ती सांगते. जखमा कुठे जात नाहीत. तुला लागलेला प्रत्येक बाण, प्रत्येक भाला त्या कवचात बसून आहे. ज्या दिवशी ते काढशील, त्या दिवशी सगळ्या जखमा तुझ्या अंगावर उतरतील. आणि दुसरी गोष्ट ऐक. माझ्या मुलांचे घर तू सोलून घेतलेस. तुझे मूल घरावाचून राहील."

त्याच वेळी चौकात सागरगोटे खेळणारी नऊ वर्षांची कुवलया बोलता बोलता थांबली. दासींनी वळून पाहिले तर तिचे वस्त्र जमिनीवर पडले होते आणि वस्त्रावर बोटाच्या पेराएवढी एक गोगलगाय होती. तिच्या पाठीवर शंख नव्हता. अंग मोराच्या गळ्यासारखे निळे, कडेने केशरी काठ, पाठीवर मऊ झुपके, डोक्यावर दोन केशरी शिंगे. उन्हात ती आक्रसत होती.

चारुमती धावत आली, तोवर दरबारातून चौकात आलेल्या कंबुजेने गोगलगायीला ओल्या पदरात घेतले होते.

"पाण्यात नेते आहे," कंबुजा म्हणाली. "इथे राहिली तर घटकाभरात सुकेल. या जिवाचे आयुष्य एक वर्षाचे असते, राणी. पुढच्या चैत्रापर्यंत ती राहील."

असे म्हणून ती पायऱ्या उतरली आणि पाण्यात दिसेनाशी झाली.

राणी राजापुढे जाऊन पडली. राजाने सगळे ऐकून घेतले. तो म्हणाला, "वाईट झाले." मग प्रधानाकडे वळून त्याने विचारले, "उत्तरेच्या वेशीवर आज किती स्वार आहेत?"

राणीने मान वर करून नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. तिथे दुःख नव्हते आणि क्रौर्यही नव्हते. तिथे काहीच नव्हते. तेव्हा तिला कळले की ती एकटी आहे.

दुसऱ्या दिवशी तिने दागिने उतरवले आणि किनाऱ्याने दक्षिणेकडे चालू लागली. दिसेल त्या कोळिणीला तिने विचारले, "बिनशंखाची निळी गोगलगाय कुठे असते?" कोणी म्हणे, ऐकली नाही. कोणी म्हणे, पाहिली, पण कुठे ते आठवत नाही. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. तिच्या पायांची सालटी निघाली. पावसाळ्यात समुद्र खवळला आणि खडक दिसेनासे झाले, तेव्हा ती एका देवळाच्या ओवरीत बसून राहिली आणि दिवस जाताना पाहत राहिली. वर्षातले पाच महिने असेच गेले.

भाद्रपदात समुद्र निवला. एका सुळक्यावर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. राणीने त्यालाही विचारले.

पाणकावळा म्हणाला, "ठाऊक आहे. पण तू परत जावेस, हे बरे."

"का?"

"मी खोटे बोलत नाही, म्हणून मला कोणी पाळत नाही. तुझी मुलगी आता तुला ओळखत नाही. तिला डोळे म्हणावेत असे डोळे नाहीत, आणि मन म्हणावे असे मन नाही. ती खाते आणि सरपटते. तू तिथे जाऊन काय पाहशील?"

"तेच पाहीन," राणी म्हणाली.

पाणकावळा उडाला आणि ती त्याच्या मागोमाग गेली. तिसऱ्या दिवशी एका उजाड किनाऱ्यावर तो उतरला. ओहोटी लागली होती. काळ्या खडकांत शेकडो कुंडे पाण्याने भरलेली होती, आणि प्रत्येक कुंडात निळ्या गोगलगायी होत्या. सगळ्या सारख्या. सगळ्यांना केशरी काठ, सगळ्यांना दोन शिंगे.

एका खडकावर कंबुजा बसली होती. राणीला पाहून तिला नवल वाटले नाही.

"आलीस," ती म्हणाली. "शाप उतरायला तीन गोष्टी व्हाव्या लागतील. पहिली ही की यांतली तुझी कोणती ते तू ओळख. एकदाच उचलता येईल. दुसरीच उचललीस तर तुझी तिथेच मरेल. दुसरी गोष्ट, ओळखलीस तर तिला तीन महिने स्वतःच्या हाताने भरव. आईच्या हातचे पोटात गेले नाही तर ती माणसांत परत येणार नाही. तिसरी गोष्ट, राजाने आपण होऊन कवच उतरवावे. बळजबरी नको, फसवणूक नको."

राणी म्हणाली, "तिसरी गोष्ट झाली तर तो मरेल."

"हो," कंबुजा म्हणाली.

राणी खडकांत बसली. रोज ओहोटीला ती कुंडामागून कुंड पाही. भरती आली की वर सरके आणि होडीतून जाणाऱ्या कोळ्यांनी दिलेली भाकरी खाई. पंधरा दिवसांनी तिच्या ध्यानात आले की एका कुंडातली एक गोगलगाय रोज तिच्या सावलीकडे येते. बाकीच्या सावली पडली की दगडाखाली जात, ही तेवढी बाहेर येई.  राणी तिच्याशी बोलू लागली. चौकातल्या जाईला कळ्या आल्या असतील, दासी तुझी आठवण काढत असतील, असे काहीबाही सांगू लागली. तीन दिवस तिने तसे केले. चौथ्या दिवशी तिने हात पुढे केला. तेवढ्यात पाणकावळा पलीकडच्या दगडावर येऊन बसला. त्याची सावली कुंडात पडली आणि ती गोगलगाय तितक्याच ओढीने त्याच्या सावलीकडे निघाली.

राणीने हात मागे घेतला. त्या दिवशी तिने भाकरीला हात लावला नाही.

मग तिने आशा धरून पाहणे सोडले आणि नुसते पाहू लागली. या गोगलगायी खडकावर उगवणारी विखारी समुद्रफुले खात. खायच्या आधी प्रत्येक जण दोन्ही शिंगे पुढे करून फूल चाचपी. कार्तिकाच्या शेवटी, एका अगदी उथळ कुंडात, तिला एक अशी दिसली जी फक्त डावे शिंग वाकवी, क्षणभर थांबे आणि मग खाई. कुवलया लहानपणापासून जेवायला बसली की मान डावीकडे कलती करून ताटाकडे पाही, मगच पहिला घास घेई. राणीने ते दहा दिवस पाहिले. अकराव्या दिवशी तिने तीच गोगलगाय उचलली.

कुंडांत कोणतीही मेली नाही. तळहातावरचा तो थंड, मऊ जीव तिच्यापासून दूर जाण्यासाठी बोटांच्या फटीकडे सरकत होता.

"हीच," कंबुजा म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, रागही नव्हता.

दुसरे काम सुरू झाले. विखारी फुले खडकाच्या भेगांत असत आणि त्यांना बोट लागताच विंचू चावल्यासारखी आग होई. राणी फूल खुडून मुलीपुढे धरी. डावे शिंग वाके, क्षण जाई, मग ती खाई. दिवसाला सात फुले लागत. पहिल्या महिन्यात राणीच्या हातांना फोड आले आणि ती दुखण्याने कण्हत असे. दुसऱ्या महिन्यात फोडांवर फोड आले. तिसऱ्या महिन्यात दुखणे थांबले. तिने निखाऱ्यावर बोट धरून पाहिले, पण काही कळले नाही. तिचे दोन्ही हात मेले होते.

कंबुजा रोज लांबून पाहत असे. एक दिवस ती जवळ येऊन बसली. म्हणाली, "हे विष ती पचवत नाही. पाठीवरच्या झुपक्यांत साठवून ठेवते. शंख नाही ना तिला. मग दुसरे काय करील?"

राणीने विचारले, "तुझी मुले काय खात?"

"मी देईन ते," कंबुजा म्हणाली. 

माघ सरला. गोगलगायीचा निळा रंग फिका पडू लागला, केशरी काठ पिवळट झाले. तिचे वर्ष संपत आले होते. राणीने एका मडक्यात समुद्राचे पाणी घेतले, तिला त्यात सोडले आणि मडके डोक्यावर घेऊन राजधानीकडे निघाली. वाटेत प्रत्येक खाडीला ती थांबे आणि पाणी बदली. हातांना पकड कळत नव्हती, म्हणून मडके टेकवताना ती प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाही की आपण ते सोडले आहे की धरले आहे. राजवाडा दिसला तेव्हा वर्षाचे तीन दिवस उरले होते.

पहिल्या दिवशी ती दरबारात उभी राहिली. लोकांनी तिला ओळखले नाही, राजाने ओळखले. तिने सगळे सांगितले. मडक्यातली मुलगी दाखवली.

राजा म्हणाला, "मी कवच उतरवले तर मरेन. मी मेलो तर उत्तरेचे स्वार येतील. एका मुलीसाठी किती मुली द्यायच्या, राणी?"

त्यात खोटे काही नव्हते. राणी परत गेली.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या महालात गेली. राजा एकटा बसला होता.

ती म्हणाली, "महाराज, ती तापाने फणफणली होती तेव्हा तुम्ही सात रात्री तिच्या उशाशी बसला होता. ते आठवते का?"

"आठवते."

"मग?"

राजा बराच वेळ विचार करत राहिला. तो मनापासून विचार करत होता, हे राणीला दिसत होते.

तो म्हणाला, "मला सगळे आठवते. पण काही वाटत नाही. वाटले असते तर काल दरबारातच उतरवले असते. तूच सांग, जे वाटत नाही त्यासाठी माणूस कसा मरेल?"

 राणी मडक्यापाशी जाऊन बसली. गोगलगाय तळाशी पडून होती. दिलेले फूल तिने खाल्ले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी राणी मडके घेऊन पुन्हा गेली. ती आता काही मागणार नव्हती. तिला एवढेच वाटले की बापाने एकदा तिला हातात घ्यावे.

"महाराज, ही आज मरेल. हात पुढे करा. पण आधी सांगते, म्हणजे फसवणूक होणार नाही. ती डसते. तिच्या अंगात विष आहे."

"मला काही डसत नाही," राजा म्हणाला, आणि त्याने तळहात पुढे केला.

राणीने तिला त्याच्या तळहातावर ठेवले. अनोळखी उबेने ती आक्रसली आणि पाठीवरचे झुपके ताठ झाले. कवच शस्त्राची जखम स्वतःकडे घेत असे. आईच्या हातच्या घासाबरोबर पोटात गेलेले विष त्याला शस्त्र वाटले नाही. ते राजाच्या तळहातात शिरले.

पाच वर्षांत राजाला प्रथमच दुखले.

त्याने हात झटकला नाही. तो हाताकडे पाहत राहिला. वेदना मनगटात गेली, कोपरात गेली, खांद्याच्या कवचाखालून छातीत उतरली, आणि तिच्या मागोमाग बाकीचे सगळे आले. दोन भाऊ आले. गोडे पाणी देणारी तीन मुले आली. चौकातले रिकामे वस्त्र आले.  राजाने दुसरा हात त्या हाताखाली धरला.

"किती लहान आहे ही," शेवटी तो म्हणाला.

राजाने प्रधानाला बोलावले. पुढे काय करायचे ते चार वाक्यांत सांगितले. मग तो मुलीला मडक्यात घेऊन पायऱ्या उतरला. भरती होती. कमरेएवढ्या पाण्यात कंबुजा उभी होती.

राजा पाण्यात गेला. त्याने मडके कलते केले आणि गोगलगायीला समुद्रात सोडले. मग खांद्यांचे बंद स्वतः सोडले. खांद्यांचा शंख निघाला तसे अकरा बाण त्याच्या खांद्यांत उमटले आणि पाणी लाल झाले. शंख त्याने कंबुजेच्या हातात दिला.

पाठीच्या गाठींपर्यंत त्याचे हात पोहोचेनात.

तो म्हणाला, "राणी, सोड."

चारुमती त्याच्या मागे उभी राहिली. बोटांना गाठ कळत नव्हती, म्हणून ती डोळ्यांनी पाहून एकेक पदर सोडवू लागली. पाण्याने डोळे भरत होते. ते पुसायला थांबली असती तर वेळ गेला असता. शेवटची गाठ सुटली. पाठीवर किती जखमा उमटल्या ते तिने मोजले नाही. राजा गुडघ्यांवर आला. छातीचा शंख त्याने स्वतः उपसला.

कंबुजेने तिन्ही शंख घेतले. एकेक शंख तिने कानाला लावला. त्यांत काही नव्हते. ती म्हणाली, "माझे झाले." मग शंख उराशी धरून ती पाण्यात चालत गेली आणि तिला त्या राज्यात पुन्हा कोणी पाहिले नाही.

त्या लाल पाण्यात एक मुलगी उभी राहिली. केस गळ्याभोवती चिकटलेले, ओठ निळे पडलेले. ती इकडेतिकडे पाहत होती. आईकडे पाहिले तसेच पायऱ्यांकडे पाहिले, आणि पायऱ्यांकडे पाहिले तसेच बापाकडे.

"उंच झाली," राजा म्हणाला. ते त्याचे शेवटचे शब्द.

त्याला अग्नी दिला, आणि तेराव्याच्या आत उत्तरेचे स्वार वेशीवर आले. वृद्ध प्रधान राजाने सांगितल्याप्रमाणे एकटाच, शस्त्रावाचून सामोरा गेला. दोन किल्ले आणि नदीपलीकडची गावे देऊन त्याने तह केला. राज्य आधीच लहान होते, आता आणखी लहान झाले. पण जाळपोळ झाली नाही. लोकांनी पेरणी केली, कोळ्यांनी जाळी टाकली. कुवलयेच्या नावाने राज्य चालू लागले.

कुवलया मात्र बोलेना. आईने भरवले तर खाई, निजवले तर निजे. हसत नसे, रडत नसे. दासी आपापसांत कुजबुजत की समुद्राने देह परत दिला, मुलगी ठेवून घेतली. राणी रोज तिच्याजवळ बसे. तिचा हात आपल्या हातात धरी, पण त्या हाताचा स्पर्श तिला कळत नसे. रात्रंदिवस तिच्या मनात एकच येई, की एवढे करून आपण काय आणले?

श्रावण आला. एका दुपारी जेवताना कुवलयेने घास थांबवला.

ती म्हणाली, "आई, बाबा कुठे आहेत?"

राणीने खोटे सांगायचे ठरवले होते. मुलीने विचारलेच, तर लढाईत गेले म्हणू, असे तिने ठरवले होते. पण तोंड उघडले तेव्हा ती सगळे खरे बोलली. बेट सांगितले, पाणी देणारी तीन मुले सांगितली, शंख सांगितले, पायरीवरचा तो दिवस सांगितला. काही वगळले नाही. मुलगी ऐकत राहिली.

मग तिने विचारले, "त्यांना दुखले का?"

"हो," राणी म्हणाली. "सगळे एकदम दुखले."

कुवलयेने पुढचे ताट बाजूला केले. तिचा चेहरा आक्रसला आणि ती मोठ्याने रडू लागली. चौकातून दासी धावत आल्या आणि दारातच थांबल्या. राणीने कोणाला पुढे येऊ दिले नाही. मुलगी संध्याकाळपर्यंत रडत होती. आधी बापासाठी रडली, मग ज्यांना तिने कधी पाहिले नव्हते त्या तीन मुलांसाठी रडली, आणि शेवटी थकून आईच्या मांडीवर झोपली.

ती रडली तोच दिवस त्या राज्यात कुवलयेच्या राज्याभिषेकाचा धरतात. तिने पुढे चाळीस वर्षे राज्य केले. गेलेले कोणी परत आले नाही. राहिलेल्यांनी एकमेकांना सांभाळले. ही कथा एवढीच, ऐकणाऱ्याच्या घरी सगळे सुखरूप असोत.